रुईखेड्याचा मुराळी

पालमहून गंगाखेडला जाणाऱ्या गाडीवाटेला रुईखेडं नावाचं लहानसं गाव होतं. निजामाच्या अमलातली गोष्ट. या गावच्या लेकी लांब लांब दिल्या जायच्या, कुणी सेलूकडं, कुणी गंगाखेडच्या पल्याड, कुणी पार परभणीच्या अंगाला. पंचमी आली, दिवाळी आली की लेकीला आणायला माहेरचं माणूस गाडी जुंपून निघायचं. त्याला मुराळी म्हणायचे. खरं तर तो मान पोरीच्या भावाचा. पण कुणाचा भाऊ अजून पाळण्यात असायचा, कुणाला भाऊच नसायचा, कुणाच्या दावणीला बैल असायचे आणि दारात गाडी नसायची. अशा सगळ्या घरांचा मुराळी एकच होता, सटवाजी.

तो काही हे काम मागायला गेला नव्हता. एका दिवाळीत शेजारचा लिंबाजी थंडीतापानं अंथरुणाला खिळला आणि त्याची बहीण तिकडं सेलूजवळ वाट बघत बसली. सटवाजीनं बैल जुंपले आणि तिला घेऊन आला. पोरीनं पाणवठ्यावर सांगितलं, सटवाजीकाकाच्या गाडीत पोटातलं पाणी हालत न्हाई. पुढच्या पंचमीला दुसऱ्या घरचं बोलावणं आलं, मग तिसऱ्या. चारदोन वर्षांत असं झालं की लेकीचं लग्न ठरवतानाच बाया विचारायच्या, "सटवाजीला एवढा पल्ला जमंल का?" बदल्यात त्याला एक नारळ मिळायचा आणि त्याच्या बायकोला चोळीचा खण.

माणूस उंच, किडकिडीत, बोलायला मऊ. थोडी कोरडवाहू जमीन, दोन मुलगे. लेक नव्हती.

वाटेचे रिवाज त्याला बापानं शिकवले होते. काळ्या रानातली वाट म्हणजे चाकांनी खोल कापलेली चाकोरी, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला बाहेर पडावंच लागायचं. तिथं कोण मोठा, कोण धाकटा हे बघायचं नसायचं. रिकाम्या गाडीनं भरल्या गाडीला वाट द्यायची. चढणाऱ्यासाठी उतरणाऱ्यानं थांबायचं. आणि गाडीत माहेरवाशीण असली तर देशमुखाची छपराची दमणीसुद्धा चाकोरी सोडून उभी राहायची. भेटेल त्याला त्याच्या रीतीचा शब्द द्यायचा, कुणाला रामराम, लिंगायत माणूस दिसला की शरणार्थ, मुसलमान दिसला की सलाम. निघालेल्या माणसाला "कुठं?" म्हणून कधी विचारायचं नाही. "लांबचा पल्ला दिसायलाय," एवढंच म्हणायचं. त्याला सांगायचं असलं तर तो सांगतो.

पोरी त्याच्याशी बोलायच्या त्या मात्र सासरी परतताना. येताना त्या नुसत्या पुढं बघत बसायच्या, कधी एकदा गावची लिंबं दिसतात म्हणून. परतताना वाट लांब व्हायची. शिवेबाहेर रडणं ओसरलं की हळूच एकेक सवाल निघायचा. सासऱ्याला वाढताना शिंक आली तर काय करावं? डोईवर दोन घागरी असताना समोरून दीर आला आणि पदर घसरला तर आधी काय सावरावं? पावसाळ्यात पायांच्या बोटांत चिखल्या झाल्यात, निंदायला उभं राहवत नाही. डोळ्याला रांजणवाडी आलीय आणि जाऊबाई म्हणती, तू रोज रडतीस म्हणून आली. आईला विचारायचं राहून गेलेलं असायचं. माहेरी चार दिवस कसे जायचे ते कळायचंच नाही. आणि सासरी विचारायची सोय नसायची.

सटवाजी बैलांच्या पाठीवर हात ठेवून ऐकून घ्यायचा. पदराचं आणि घागरीचं त्याला काय ठाऊक असणार? तो म्हणायचा, "घरी विचारून सांगतो, माय."

आणि तो खरंच विचारायचा. घरी आला, बैल सोडले, हातपाय धुतले की चुलीपुढं बसून तो बायकोला, बायनाबाईला, एकेक सवाल सांगायचा. पोरीचं नाव कधी घ्यायचा नाही. बायनाबाई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची. "चिखल्यावर गोड्या तेलात हळद कालवून लावायची, अन् राती पाय कोरडे करून निजायचं." "शिंक आली तर आली. सासरा काय शिंकत न्हाई व्हय?" एखाद्या सवालाला ती थांबायची. हात पिठातच राहायचा. मग म्हणायची, "ह्या पोरीला सांगा, पदर गेला तर जाऊ दे, पाण्यानं भरलेली घागर सोडू नको. फुटली तर वर्षभर ऐकावं लागंल."

हे उत्तर मग सटवाजी पुढच्या खेपेला पोचवायचा, नाहीतर बाजारात त्या गावचं माणूस भेटलं की निरोप द्यायचा, "आमच्या लेकीला सांगा, काकानं हळद अन् गोडं तेल सांगितलंय." बायनाबाईनं यातल्या कित्येक पोरींची सासरं पाहिलीसुद्धा नव्हती. पण दुखण्यावरून ती त्यांना ओळखायची. मधेच एखाद्या दिवशी विचारायची, "आवं, ती रांजणवाडीवाली बरी हाय का?"

अशी पुष्कळ वर्षं गेली. जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या दिवसांत, एका वैशाखात बायनाबाईनं अंथरूण धरलं. साधा ताप म्हणता म्हणता तो उतरलाच नाही. जेठात ती गेली.

सटवाजी शेतात जायचा, यायचा, मुलगा देईल ते खायचा. संध्याकाळी चुलीपुढं बसायची सवय होती म्हणून बसायचा. श्रावण लागला तसं कस्तुराबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा मागंच वारला होता, मुलगा लहान होता, आणि थोरली लेक मनकर्णा त्याच वैशाखात लग्न होऊन सोनपेठच्या वाटेवरल्या एका गावात गेली होती. बायनाबाईच्या आजारपणामुळं सटवाजी त्या लग्नात मांडवात टेकलासुद्धा नव्हता. पाव्हणे त्यानं पाहिले नव्हते.

"भावजी, कोणत्या तोंडानं सांगू," कस्तुराबाई म्हणाली. "तुमच्या घरात असं झालेलं. पण पोरीची पयली पंचमी हाय. वाट बघत असंल."

"बायको जाऊन वरीस झालं न्हाई, मी गेलेलं चालंल का त्यांना?"

"त्यांना कशाला सांगायचं? अन् कळलं तरी मुराळ्याला कोण काय म्हणतंय."

सटवाजीनं दावणीच्या बैलांकडं पाहिलं. मग म्हणाला, "जातो."

निघायच्या आदल्या दिवसापासून त्याची दाढ ठणकत होती. एवढ्या पोरींची दुखणी विचारून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाढेचं कुणाला विचारावं ते सुचेना. गंगाखेडला मुक्काम करून तो पुढं निघाला तेव्हा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. पटक्याचा शेव त्यानं जबड्याभोवती गुंडाळला आणि एका हातानं गाल धरून बसला. बैल आपापले चालत होते.

पुढं एक ओढा लागतो. दोन्ही अंगांनी उतार, मधे गुडघाभर पाणी. सटवाजीची गाडी उतरत होती आणि समोरून पोत्यांनी भरलेली गाडी चढायला लागली होती. गाडीवान ओरडला, "थांबा, पाव्हणे, भरली गाडी हाय."

सटवाजीनं ऐकलं. कासरा ओढायचा तेवढा उशीर होता. पण त्या घडीला डोक्यात दाढेशिवाय काहीच नव्हतं, कधी एकदा पोचतो आणि आडवा होतो एवढंच. त्यानं कासरा ओढला नाही. बैल सरळ उतरत गेले. समोरच्यानं शेवटच्या घडीला गाडी कडेला घातली, तिचं चाक चिखलात रुतलं, गाडी कलली आणि वरली पोती पाण्यात गेली. सटवाजीनं ओढा ओलांडून एकदा मागं पाहिलं. तो माणूस पाण्यात उभा राहून त्याच्याचकडं बघत होता. सटवाजीनं रामराम घातला नाही, गाडी थांबवली नाही. जन्मात पहिल्यांदा तो असा निघून गेला आणि वाटभर त्याला दाढेपेक्षा तेच जास्त सलत राहिलं. तरी परत फिरला नाही.

मनकर्णाच्या सासूचं नाव धुरपताबाई. बाई बोलायला कमी, पण रीत सोडणारी नव्हती. तिनं घोंगडी अंथरली, पाय धुवायला पाणी दिलं आणि गुळाचा खडा व तांब्या पुढं ठेवला. सटवाजीनं गूळपाण्याला नुसता हात लावून नमस्कार केला. लेकीला मूल झाल्याशिवाय माहेरच्या वडीलधाऱ्यानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही जुनी चाल. धुरपताबाईनं आग्रह केला नाही. दाराआडून मनकर्णा बघत होती. काका आला म्हणून तिचं तोंड फुललं होतं आणि त्याचा गाल बघून तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"मालक लेव्हीची ज्वारी घेऊन गंगाखेडला गेलेत," धुरपताबाई म्हणाली. "उद्याच्याला येतील. मग बोलू."

सटवाजीला ओढ्यात पडलेली पोती आठवली. त्या दिवसांत सरकारनं कुणब्यांवर लेव्ही बसवली होती. ठरलेली ज्वारी गोदामात नेऊन घालावी लागायची आणि ओलं धान्य गोदामवाला आत घ्यायचा नाही.

दिवस मावळायच्या आतच मनकर्णाचा सासरा, किशनराव, परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, गाडीची धुरी, जू बांधायची लांब दांडी, मोडलेली, म्हणून कुणाच्या तरी गाडीमागं बांधून आणलेली. अंगणात सटवाजीची गाडी सुटलेली बघून तो जरा थबकला. मग ओसरीवरच्या पाव्हण्याकडं पाहिलं, जबड्याला बांधलेल्या पटक्याकडं पाहिलं. सटवाजी उठून उभा राहिला.

"रामराम," किशनराव म्हणाला.

"रामराम."

किशनराव गड्याकडं वळला. "पाव्हण्यांच्या बैलांना वैरण टाक. लांबून आलेत." आणि तो पोती उतरवायला लागला.

या शब्दांनी सटवाजी जितका खाली गेला तितका शिव्या खाऊन गेला नसता. तो ओसरीवरून उतरला आणि दुसऱ्या बाजूनं पोत्याला हात घातला. दोघांनी मिळून ओली ज्वारी पडवीत पसरली. ज्वारीतून हात फिरवता फिरवता सटवाजी म्हणाला, "चूक माझी. उतरणारा मी होतो, रिकामा मी होतो."

"चिखलाचं काय, निघतो," किशनराव म्हणाला. "पण तुमी मागं बघून बी थांबला न्हाव. ते मला कळलं न्हाई."

"मलाबी न्हाई कळलं."

किशनरावनं ज्वारीचा एक ओला गोळा फोडला. "पाव्हणे, राग धरू नका. ज्याचं वाटंवर ध्यान न्हाई त्याच्या गाडीत सून कशी बसवू? परक्याची लेक हाय. वाटंत काय झालं तर तिच्या मायला काय तोंड दाखवू?"

"बराबर हाय तुमचं," सटवाजी म्हणाला. त्यानं दाढेचं कारण पुढं केलं नाही. "पोरीला धाडा, न्हाईतर धाडू नका. पण तुमची धुरी मोडलीय. ज्वारी वाळली की माझ्या गाडीत भरा. गोदामापर्यंत मी नेतो. त्याबिगर मी जात न्हाई."

दाराआड मनकर्णा खाली बसली. पंचमी परवावर आली होती.

सटवाजीनं आपल्या धडप्यात बांधून आणलेली भाकरी सोडली, पण तुकडाही चावेना. धुरपताबाईनं ते पाहिलं. थोड्या वेळानं ती लवंगा आणि कोमट मिठाचं पाणी घेऊन आली. "लवंग दाढंत धरा. अन् ह्याच्या गुळण्या करा."

सटवाजी तांब्याकडं बघून घुटमळला.

"गुळणी करून थुकायचं हाय," धुरपताबाई म्हणाली. "प्यायचं न्हाई. तुमची रीत मोडत न्हाई."

त्यानं गुळण्या केल्या. ठणका जरा मागं सरला.

"इतकी सूज चढुस्तोर गप कसे बसलाव?" तिनं विचारलं. "घरी कुणी बघत न्हाई का?"

"होती," सटवाजी म्हणाला. "जेठात गेली."

धुरपताबाई जागच्या जागी खाली बसली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बायनाबाई गेल्याचं मनकर्णाला कुणी कळवलंच नव्हतं. लहानपणी तिच्या केसांतला गुंता सोडवायला आईच्या हातापेक्षा बायनाबाईचा हात तिला बरा वाटायचा. ती भिंतीला टेकून रडली आणि सासूनं त्या दिवशी तिला उठवलं नाही.

धुरपताबाईनं नवऱ्याला सांगितलं असणार, कारण दिवा लागल्यावर किशनराव ओसरीवर येऊन सटवाजीच्या शेजारी टेकला. घरात मयत झाली की माणसाला भेटायला जायचं असतं, त्याच्याजवळ बसायचं असतं. तो तसाच बसला. मग म्हणाला, "ओढ्यावर सांगायचं होतं."

"भरल्या गाडीला वाट द्यायची तर दिली न्हाई, अन् वर हे सांगू?"

उठताना किशनरावनं सटवाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी श्रावणातलं ऊन पडलं. कधी सर यायची, सगळी धावत ज्वारी आत ओढायची, ऊन आलं की पुन्हा पसरायची. मनकर्णा, धुरपताबाई, किशनराव, सटवाजी, सगळ्यांचे हात त्यात होते. संध्याकाळपर्यंत दाणा दाताखाली वाजायला लागला.

पंचमीच्या दिवशी तांबडं फुटताना ज्वारीची पोती सटवाजीच्या गाडीत भरली. किशनराव बाहेर आला आणि दाराकडं बघून म्हणाला, "सुनबाईचं गाठोडं बी ठेवा."

मनकर्णा पोत्यांच्या मागं पाय मुडपून बसली. सून बसलेल्या गाडीत सासऱ्यानं बसायचं नसतं, म्हणून किशनराव गंगाखेडपर्यंत गाडीच्या मागं चालत आला. सटवाजीनं दोनदा म्हटलं, मी चालतो, तुमी हाका. त्यानं मान हलवली. ओढ्यावर समोरून कुणाचीतरी मोकळी गाडी आली आणि ती आपसूक कडेला थांबली. वाट देणाऱ्याला किशनरावनंच रामराम घातला.

गोदामात ज्वारी उतरली. किशनराव सटवाजीला म्हणाला, "दिवाळीला तुमीच या," आणि मागं न बघता वळला.

मग वाट मोकळी झाली. मनकर्णा पुढं सरकून बसली. इतर पोरी येताना बोलायच्या नाहीत, ही बोलली.

"काका, मला राती पायात गोळे येतात. निजंतून ओरडून उठती. सगळ्यांची झोपमोड हुती."

"घरी विचारून सांगतो, माय," सटवाजी म्हणाला.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होत राहिला. थोड्या अंतरावर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, उगाच जू तपासलं, सापत्यांचे पट्टे ओढून बघितले. मनकर्णा दुसरीकडं बघत बसली. परत चढून बसल्यावर तो म्हणाला, "सासूला विचार तुझ्या."

"त्यांना कसं विचारू?"

"माझ्या दाढंचं तिला न विचारता कळलं. तुझ्या पायाचं तू विचारलं तर सांगंल की."

गावात पोचायला दिवेलागण झाली. झोके अजून उतरवले नव्हते. कस्तुराबाई वेशीतच उभी होती.

मनकर्णानं सासूला विचारलं. धुरपताबाईनं रात्री तिळाचं तेल कोमट करून दिलं आणि पहिल्या दिवशी स्वतःच तिच्या पोटऱ्या चोळल्या, असं दिवाळीला येताना तिनं सांगितलं. तेव्हापासून सटवाजीची रीत बदलली. कुणी पोरीनं काही विचारलं की तो त्या घरची सासू, नणंद, थोरली जाऊ, कोण कशी आहे याचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, "अमकीला विचार." कधी त्याचा अंदाज चुकायचा. एका पोरीला त्यानं चुलतसासूकडं धाडलं आणि त्या बाईनं गावभर केलं. त्या पोरीपुढं पुढच्या खेपेला त्यानं हात जोडले.

मग अठ्ठेचाळीसचं साल आलं. रझाकारांच्या भीतीनं वाटा बंद पडल्या. कुणी कुणाला रामराम घालेना, सलाम करेना, समोरून माणूस आला की दोघंही कडेच्या पिकात शिरायचे. त्या पंचमीला रुईखेड्यात एकही लेक आली नाही. लिंबाला झोक्याचा दोर बांधला गेला नाही. सटवाजी रोज बैलांना पाणी दाखवायचा आणि परत बांधायचा. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत हिंदूंनीही सोसलं आणि मुसलमानांनीही.

त्या दिवाळीला सगळ्या घरांचं बोलावणं एकदम आलं. सटवाजीला आता लांबचं नीट दिसत नव्हतं. समोरची गाडी भरली आहे की मोकळी, हे तो आवाजावरून ओळखायचा. मुलगा म्हणाला, मी जातो. सटवाजीनं त्याला बरोबर घेतलं, कासरा त्याच्या हाती दिला आणि आपण शेजारी बसून राहिला. एकामागून एक खेपा झाल्या. भाऊबीजेच्या दिवशी गावातल्या जवळजवळ सगळ्या लेकी आलेल्या होत्या.

संध्याकाळी तो आपल्या ओट्यावर बसला होता. पोरी पाणवठ्यावर जायला निघाल्या आणि त्याच्या दारात थांबल्या. कुणाच्या कडेवर लेकरू होतं, कुणाच्या टाचांना भेगा, कुणाचे केस गळायला लागले होते, आणि मनकर्णाच्या मुलाला पडसं झालं होतं. वर्षभराचं बोलायचं साठलं होतं, सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. सटवाजीला कोण काय म्हणतंय ते नीट कळेना. तो नुसता मान डोलवत ऐकत राहिला. मग त्यांनी तिथंच घागरी टेकवल्या आणि एकमेकींनाच विचारायला सुरुवात केली.